सायकल छान येते, पण पुढचा धोका कळत नाही: मुलांना काय आणि कसं शिकवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ वर्षांची मुलगी सायकल उत्तम चालवते. तोल, ब्रेक, वळण, उतार, सगळं जमतं. पण ज्या वाटेवर चालणारे, पळणारे, बाबागाड्या, कुत्री आणि सायकली एकत्रच असतात, तिथे ती सरळ घोळक्यात घुसते. आई-बाबा मागून "हळू", "सांभाळ", "बघून चालव" असं ओरडत राहतात आणि घरी येईपर्यंत सगळेच वैतागलेले असतात. धोका ओळखणं मुलांना शिकवता येतं का, आणि येत असेल तर कसं?

येतं. मी बरीच वर्षं मुलांना सायकल शिकवते आहे. तोल एकदा आला की आला, त्याला पुन्हा हात लावावा लागत नाही. ही नजर मात्र हळूहळू तयार होते, आणि ती तयार करायची तर आधी पालकांना आपली बोलण्याची पद्धत बदलावी लागते.

"बघून चालव" हे वाक्य आजपासून सोडून द्या. ती बघतेच आहे. कुठे बघायचं आणि जे दिसलं त्यावरून काय समजायचं, हे तिला ठाऊक नाही. शिवाय मागून जोरात हाक आली की मूल वळून बघतं. मान वळली की खांदा वळतो आणि खांद्याबरोबर हँडल. तिनं सरळ राहायला हवं नेमक्या त्याच क्षणी आपण तिला वाकडं करतो.

तुम्हाला काय दिसतं आणि तिला काय दिसतं याचं एक उदाहरण घ्या. वाटेच्या एका कडेला एक बाई फोनवर बोलत उभी आहे. दुसऱ्या कडेच्या गवतात एक कुत्रा हुंगत फिरतोय. तुमच्या मनात लगेच जोडणी होते: कुत्रा हिचाच असणार, म्हणजे मधे दोरी असणार, आणि दोरी बारीक असली तर इथून दिसणारही नाही. मुलीला एक बाई दिसते, एक कुत्रा दिसतो आणि दोघांच्या मधे मस्त रिकामी जागा दिसते. ती सायकल त्या जागेकडे वळवते. तिच्या डोळ्यांत काही खोट नाही. दोन सुट्या गोष्टींवरून तिसरी ओळखायची सवय अजून लागलेली नाही, इतकंच.

वाहन हाकता येणं वेगळं आणि पुढे काय होणार याचा अंदाज घेता येणं वेगळं, हे मोटारचालकांच्या बाबतीत बऱ्याच आधी मान्य झालं. ब्रिटनमध्ये २००२ पासून परवान्याच्या परीक्षेत रस्त्याचे व्हिडिओ दाखवतात आणि धोका आकार घेऊ लागताच उमेदवारानं बटण दाबायचं असतं. जितक्या लवकर ओळखाल तितके गुण जास्त. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच कल्पना सायकल चालवणाऱ्या मुलांवर वापरून पाहिली. मोठ्यांच्या मानानं मुलं उशिरा प्रतिसाद देतात असं त्यांना दिसलं, आणि सरावानं त्यात सुधारणा होते असंही.

पण सरावाला वयाची मर्यादा आहे आणि ती आधीच नीट समजून घेतलेली बरी. लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०११ मध्ये असं दाखवलं, की काही सेकंदांच्या अंतरावर असलेलं वाहन ताशी साधारण ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं येत असेल, तर प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ते जवळ येतंय हे खात्रीनं ओळखता येत नाही. यात हलगर्जीपणाचा काही संबंध नाही, वेग ओळखण्याची क्षमताच अजून पुरती घडलेली नसते. दुसरी अडचण विचारांची. "मला गाडी दिसली, म्हणजे गाडीवाल्यालाही मी दिसले" असं या वयातली पुष्कळ मुलं गृहीत धरतात. स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी १९६०च्या दशकात लहान मुलांच्या रस्त्यावरच्या वागण्याचा बारकाईनं अभ्यास केला आणि मत मांडलं, की लहान मुलांना शिकवून रहदारीजोगं करता येत नाही, रहदारीच मुलांना झेपेल अशी करावी लागते. मला हे पटतं. त्यामुळे खाली जे सांगते आहे ते सगळं शिकवा, पण मुलगी शिकली म्हणून तुमचं सोबत असणं कमी करू नका.

सुरुवात सायकलशिवाय

पहिले काही दिवस त्याच वाटेवर सायकल न घेता चालायला जा. एखाद्या बाकावर बसलात तर आणखी चांगलं. सायकल सांभाळण्यात मुलाचं बरंच लक्ष खर्च होतं. तो भार काढून घेतला की विचार करायला जागा मिळते. तीनच प्रश्न विचारायचे: काय दिसतंय? आता काय होऊ शकेल? तू सायकलवर असतीस तर काय केलं असतंस?

संवाद साधारण असा होतो.

"काय दिसतंय?"
"एक आजोबा आणि एक छोटा मुलगा."
"अजून?"
"चेंडू. तिकडे, गवतात."
"आता काय होईल?"
"तो चेंडूकडे पळेल."
"मग तू?"
"मी घंटी वाजवीन."
"त्याला घंटीचा अर्थ कळेल?"
"...नाही. मग मी हळू होईन."

या "नाही" पर्यंत ती स्वतः पोचली पाहिजे. तुम्ही उत्तर सांगून टाकलंत तर ते तुमचंच राहतं. आणि एक महत्त्वाचं: छोटा मुलगा पळाला नाही, जागेवरच उभा राहिला, तरी तिचा अंदाज बरोबरच होता, हे तिला आवर्जून सांगा. नाहीतर मुलं खरं ठरेल तेवढंच सांगायला लागतात आणि शक्यता बोलून दाखवणं सोडून देतात. आपल्याला तर शक्यताच हव्या आहेत.

मग सायकलवर या. आधी तुम्ही बोलून दाखवा: "पुढे दोघं पाठमोरे चालतायत, मी पॅडल थांबवलं. त्यांच्या पलीकडे वळण आहे, पलीकडचं दिसत नाही, म्हणून आत्ता ओलांडत नाही." नंतर तिला बोलायला लावा. पण हे सबंध फेरीभर करू नका. बोलण्यातही लक्ष जातं, आणि मूल कंटाळलं की तोंडाला येईल ते सांगू लागतं. त्या झाडापासून त्या दिव्याच्या खांबापर्यंत, एवढा टप्पा पुरे. एका दिवशी एकच विषय घ्या: आज फक्त कुत्री, उद्या फक्त वळणं.

तुम्ही कुठे असावं? एकच मोठं माणूस असेल तर तिच्या मागे, एखाद-दोन सायकलींच्या अंतरावर आणि वाटेच्या मध्याकडे किंचित सरकून. तिथून ती तुम्हाला दिसते आणि तिला तुमचं साध्या आवाजातलं बोलणं ऐकू जातं. शेजारी शेजारी चालवायचा मोह वाट रिकामी असतानाच पुरवा. दोघं मोठे असाल तर एक पुढे, एक मागे.

हात आणि नजर

धोका हेरला, पण ब्रेकपर्यंत बोटंच पोचत नाहीत, अशी मुलं मी कितीतरी पाहते. लहानांच्या सायकलींवर ब्रेकची कांडी बहुधा हँडलपासून फार दूर असते. तिच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवून कांडी जवळ आणता येते, आणि ते केल्यावर ब्रेक पुरेसा लागतोय ना हे तपासायचं. गर्दीच्या जागी दोन बोटं कायम ब्रेकवर, पॅडल थांबलेलं, ही एक सवय लागली तरी मोठं काम झालं.

नजरेचा दोष असा, की नवशिकं मूल पुढच्या चाकाच्या जरासंच पुढे बघतं, किंवा ज्या वस्तूची भीती वाटते तिच्यावर डोळे खिळवून बसतं. डोळे जिथे, तिथे सायकल. खांबाकडे बघत राहिलं की खांबावरच जाते. म्हणून "खांबाला धडकू नकोस" असं म्हणू नका, "त्या मोकळ्या जागेकडे बघ" म्हणा.

मागे बघणं वेगळं शिकवावं लागतं. रिकाम्या मैदानात एक रेघ आखा, तिला रेघेवरून सरळ जायला सांगा, तुम्ही मागे उभं राहून बोटं वर करा आणि किती बोटं ते विचारा. सुरुवातीला सायकल हमखास रेघ सोडते. सोडेनाशी झाली की मगच वाटेवर बाजू बदलण्याआधी मागे बघायचा आग्रह धरा. त्याआधी धरलात तर तोच एक नवा धोका होऊन बसेल.

वेग

ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटरहून थोडं जास्त. मुलाला दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद लागला असं धरा. त्यात सहा मीटर गेले. ब्रेक चांगले आणि जमीन कोरडी असेल तर पुढे साधारण तीन मीटर, असे नऊ. हाच हिशोब ताशी १० ला साडेपाच मीटरच्या आसपास येतो आणि २० ला तेरा मीटरच्या वर जातो. हे ढोबळ गणित आहे. मुलांना आकडे सांगून काही होत नाही, त्यामुळे जमिनीवर खडूनं रेघ मारा, त्या रेघेपाशी "थांब" म्हणा आणि ती कुठे थांबली ते तिलाच पावलांनी मोजू द्या. मग वेग वाढवून पुन्हा. ओल्या जमिनीवर पुन्हा. चाकाच्या कडेला घासणारे ब्रेक ओले झाले की सुरुवातीला नीट धरतच नाहीत, हे तिला एकदा सुरक्षित जागी अनुभवायला मिळालंच पाहिजे.

यातून एकच नियम निघतो, आणि तो तिला स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवा: जेवढं पुढचं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. वळणावर कमी दिसतं, म्हणून वेग कमी. उन्हातून एकदम भुयारी मार्गात शिरलं की डोळ्यांना काही क्षण अंधारच असतो, म्हणून वेग कमी. घोळक्यामागचं दिसत नाही, म्हणून वेग कमी. प्रत्येक जागेचा निराळा नियम पाठ करावा लागत नाही.

माणसं, कुत्री आणि घंटी

घंटीबद्दल मुलांचा ठाम समज असतो, की ती वाजवली म्हणजे वाट आपली झाली. हा मोडायचा एक हमखास उपाय आहे. तिला चालायला लावा आणि तुम्ही सायकलवरून मागून या. एकदा अगदी पाठीशी येऊन घंटी वाजवा, एकदा पंधरा-वीस मीटर आधी. पहिल्या वेळी ती दचकून कुठेतरी उडी मारते, आणि कोणत्या बाजूला मारेल हे तिलाही आधी माहीत नसतं. मग विचारा, "आता सांग, समोरचे काका कुठे उडी मारतील?" हा एक खेळ दहा व्याख्यानांच्या तोडीचा आहे.

घंटी लवकर वाजवायची, मग समोरच्यानं काय केलं ते बघायचं. मान वळली? बाजूला सरकले? काहीच नाही? काहीच नाही याचा अर्थ ऐकू गेलं नाही. कानात इअरफोन असतील, ऐकू कमी येत असेल, दोघं बोलण्यात दंग असतील. कारण काहीही असो, आपण चालण्याच्या वेगावर यायचं आणि "मी बाजूनं येतेय" असं तोंडानं सांगायचं. पांढरी काठी दिसली तर शब्दानंच सांगायचं आणि भरपूर जागा सोडायची. ब्रिटनच्या रस्ते नियमावलीत २०२२ मध्ये एक तत्त्व घातलं गेलं, की ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. ट्रकपेक्षा सायकल दुबळी, पण चालणाऱ्यापुढे सायकलच बलवान. आपणही कुणासाठी तरी धोका आहोत, ही गोष्ट मुलांना नवी असते, आणि माझ्या अनुभवात ती त्यांना चटकन पटते.

पाच वर्षांखालच्या मुलांबद्दल सरळ सांगून टाका: ती कुठेही, कधीही वळतात, त्यांचा अंदाज कुणालाच लागत नाही. धाकटं भावंड असलेल्या मुलांना हे वेगळं सांगावंच लागत नाही.

कुत्रा दिसला की पहिला प्रश्न, "याचा माणूस कुठे?" माणूस सापडेपर्यंत वेग वाढवायचा नाही. सापडला की दोघांना जोडणारी रेघ मनात ओढायची आणि त्या रेघेतून कधीच जायचं नाही, माणसाच्या मागच्या बाजूनं जायचं. दोरी दिसत नसली तरी हाच नियम, कारण सुटा कुत्रा मालकाच्या हाकेसरशी त्याच रेघेवरून धावत येतो. लांब होणाऱ्या बारीक दोऱ्या संध्याकाळच्या उजेडात मला स्वतःलाही दिसत नाहीत. कुत्रा मागे लागला तर जोरात पळवू नये, सावकाश थांबावं, उतरावं आणि सायकल मधे ठेवावी.

जिथे वाट गाडीला छेदते

वरच्या सगळ्या गोष्टींत खरचटण्याची भीती जास्त. जीवावरचा धोका बहुतेक वेळा तिथे असतो, जिथे ही वाट एखाद्या फाटकासमोरून, वाहनतळाच्या तोंडासमोरून किंवा रस्त्यातून जाते. मुलं इथे सर्वांत बेफिकीर असतात, कारण आतापर्यंतची सगळी वाट "आपली" होती. नवीन वाटेवर जाल तेव्हा आधी अशी सगळी तोंडं तिला शोधायला लावा. कुंपणात खंड पडला, कडेचा दगड उतरता झाला, जमिनीवर टायरचे डाग दिसले, की इथून गाडी निघते.

गाडी उभी दिसली तर काय बघायचं? मागचे पांढरे दिवे लागले आहेत का, ती मागे येणार. आत कुणी बसलंय का. सर्वांत उपयोगाचं म्हणजे पुढचं चाक. गाडीचं धूड हललेलं कळायला वेळ लागतो, चाक फिरू लागलेलं आधी दिसतं आणि कोणत्या बाजूला वळलंय तेही दिसतं. मोठ्या वाहनाजवळ एकच खूण: आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. दिसला तरी त्यानं पाहिलंच असेल असं धरायचं नाही. आडोसा असेल, झुडूप, भिंत, उभी व्हॅन, तर पाय टेकवून थांबायचं, मग पुढे. आणि वेगाचा अंदाज या वयात भरवशाचा नसतो हे वर आलंच आहे, म्हणून "गाडी लांब आहे, जाऊ" हा निर्णय आठ वर्षांच्या मुलीवर सोडू नका. रस्ता रिकामा असेल तेव्हाच, आणि तुमच्या होकारानंतर.

जमिनीबद्दल थोडक्यात. वाळू, बारीक खडी, ओली पानं, ओलं लोखंडी झाकण, ओला रंगीत पट्टा: यांवर वळायचं नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही, आधीच वेग कमी करून सरळ निघून जायचं. रूळ ओलांडायचे तर शक्य तितकं काटकोनात. चाक वाटेच्या कडेवरून खाली उतरलं तर तिरकं घासत वर चढायचा प्रयत्न न करता थांबून सायकल उचलून घ्यायची. वाटेच्या मधोमध रोवलेल्या खांबांकडे मात्र खास लक्ष द्या. पुढची सायकल ऐनवेळी बाजूला होते आणि मागच्याला एकदम खांब समोर येतो. म्हणून रांगेत पुढे असलेल्यानं "खांब!" असं ओरडायचं. इथे ओरडायला माझी हरकत नाही.

काही चुकलं तर

थोडक्यात वाचली, तर तिथल्या तिथे रागावू नका. आधी वाटेच्या बाहेर व्हा. मुलं वाटेच्या मधोमध थांबतात, ही सवयही मोडायला हवी. श्वास खाली बसू द्या आणि मग विचारा, "हे होण्याच्या आधी काय दिसत होतं?" शक्य असेल तर मागे जाऊन ती जागा पुन्हा बघा. बहुतेक वेळा काहीतरी दिसत होतंच, आणि ते तिलाच सापडतं.

परतीच्या वाटेवर, भूक लागल्यावर आणि बरोबर दुसरं मूल असताना आधी जमलेलं सगळं विसरलं जातं. दोन मुलं एकत्र आली की शर्यत लागते आणि नजर एकमेकांवर असते. अशा वेळी नवीन काही शिकवायला जाऊ नका, वेग कमी ठेवा आणि घरी या.

एकटीला कधी सोडायचं, असं पुढे तुम्ही विचाराल. जर्मनीत आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांनी सायकल पदपथावरून चालवायची असा नियम आहे आणि दहा पूर्ण होईपर्यंत तशी मुभा आहे. नेदरलँड्समध्ये शाळेतली रहदारीची परीक्षा अकरा-बारा वर्षांच्या आसपास होते. सायकलवरच वाढणाऱ्या देशांचा हा हिशोब आहे. माझी कसोटी अशी: अनोळखी वाटेवर, गर्दीच्या वेळी, तुम्ही चकार शब्द न बोलता मागून चाला. तुम्ही ज्या ज्या जागी ब्रेकला हात लावला त्या त्या जागी तिनं तुमच्या आधी किंवा तुमच्याबरोबर लावला का, ते बघा. एकदा नव्हे, वेगवेगळ्या दिवशी, उजेडात आणि तिन्हीसांजेलाही. तसं दिसू लागलं तरी रस्ता ओलांडावा न लागणारा, तिच्या ओळखीचा छोटा टप्पाच आधी द्या.